गाण्यात दडलेला देव : बॉब डिलन आणि आपला जोगवा

मंडळी, आपण अंबाजोगाईत बसलो आहोत, तेव्हा सुरुवात जोगव्यापासून करू. डिलनकडे मग जाऊ.

गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आईच्या नावानं मागणं, हे योगेश्वरीच्या गावात कुणाला समजावून सांगायला नको. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी आहे आणि पलीकडे पैठण. तिथल्या एकनाथांनी (1533–1599) हाच जोगवा उचलला. ठेका तोच ठेवला, सामान मात्र बदललं. महिषासुराचा झाला मोह, परडीत पिठाऐवजी आला बोध. म्हणजे गाणं लोकांचं, आत वेदान्त. पण नाथ काही लपवत नाहीत बरं का! वस्तू दाखवतात आणि तिचा अर्थही लगेच हातात देतात.

डिलन तसं करत नाही. 1967 सालचं त्याचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ घ्या. पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सनं ते गिटारवर असं काही वाजवलं की लोक त्यालाच मूळ गाणं समजू लागले. शब्द साधे आहेत: एक विदूषक, एक चोर, बुरुजावरून पाहणारे राजपुत्र, आणि शेवटी दोन घोडेस्वार येतात. संपलं! स्वार कशासाठी आले, ते गाणं सांगतच नाही.

आता बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथाचा 21वा अध्याय उघडा. तिथेही सरदार आहेत, टेहळणीचा बुरुज आहे, जोडीनं येणारे स्वार आहेत. आणि पाठोपाठ बातमी आहे : बाबेल पडलं. गाण्यातून नेमकी ही बातमीच काढून टाकली आहे. ज्याला अध्याय माहीत आहे त्याला न म्हटलेली ओळ ऐकू येते. बाकीच्यांना वाऱ्यानं अंगावर काटा येतो, तेवढंही चालतं. हाच डिलन 1979 मध्ये ख्रिस्ताची उघड गाणी घेऊन आला. त्यांत शोधायला काही उरत नाही, आणि मला तरी ती त्यामुळेच थोडी फिकी वाटतात.

मुलं विचारतात, सर, असं तर कुठल्याही गाण्यात काहीही सापडेल. खरं आहे. आपल्याकडे तर घागर दिसली की देह आणि सासर दिसलं की परलोक, ही सवयच लागलेली. म्हणून एक पथ्य पाळा. एकच शब्द जुळला तर सोडून द्या. बुरुज काय, कुठेही असतो. पण एकाच अध्यायातल्या तीन गोष्टी एकाच गाण्यात भेटल्या, तर तो योगायोग मानणं अवघड. शिवाय त्या संदर्भानं गाण्याचा अर्थ बदलतो का, हे बघा. इथे बदलतो; स्वार पाहुणे राहत नाहीत, एका साम्राज्याच्या शेवटाची खबर होतात.

आता आपले दासोपंत (1551–1615). त्यांची समाधी इथलीच. पासोडी सगळ्यांना ठाऊक असते, पदं मात्र कमी लोक वाचतात. त्यांची नाममुद्रा ‘दिगंबरानुचर’, म्हणजे दिगंबराचा सेवक. दिगंबर म्हणजे दत्त, हे उघडच. पण त्यांच्या वडिलांचं नावही दिगंबरपंत! कथा अशी की सरकारी वसूल थकला म्हणून बीदरच्या दरबारानं या लहान मुलाला वडिलांपासून तोडून ओलीस ठेवलं, आणि दत्तानंच पैसे भरून त्याला सोडवलं. ही कथा मनात ठेवून ती मुद्रा पुन्हा वाचा. दोन्ही दिगंबर तिथे उभे दिसतील.