ग्वाल्हेरात उणे 40 अंश

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 च्या घरात असतो. अशा एका दुपारी शहराच्या लष्कर भागातल्या एका गॅरेजात माझ्या गाडीला स्कॅनर जोडला, तर पडद्यावर इंजिनातल्या पाण्याचं तापमान झळकलं: उणे 40. इकडे बॉनेटला हात लावण्याची सोय नव्हती आणि रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नव्हता. मिस्त्रीने निदान सांगून टाकलं, "सेंसर गया, साहब. नया डाल देते हैं."

सेन्सर गेलेला नव्हता. पण हा उणे 40 येतो कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे. आजची गाडी घरी उघडून बसणाऱ्या माणसाचा निम्मा वैताग त्या आकड्यात आहे.

पाण्याचं तापमान मोजणारा हा सेन्सर म्हणजे आत एक थर्मिस्टर आणि बाहेर दोन तारा. थर्मिस्टर तापला की त्याचा विद्युतरोध घटतो: 20 अंशांना साधारण अडीच हजार ओहम, 80 अंशांना तीनशेच्या आसपास. गाडीचा संगणक, मिस्त्रीमंडळींच्या भाषेत ईसीएम, आपल्याकडच्या एका ठरावीक रोधातून 5 व्होल्ट पुरवतो आणि सेन्सरपाशी त्यातले किती उरले ते पाहून तक्त्यावरून तापमान काढतो. इंजिन गार, तर व्होल्ट जास्त. आता तार मधेच तुटली तर? वीज वाहतच नाही, पूर्ण 5 व्होल्ट शिल्लक राहतात आणि तक्त्याचं तळाचं टोक असतं उणे 40. ईसीएमला ग्वाल्हेर ठाऊक नाही, व्होल्ट तेवढे ठाऊक.

हे व्होल्ट विश्वासार्ह नाहीत एवढं त्याला कळतं. म्हणून तो पी0118 हा कोड नोंदवतो, पिवळा दिवा लावतो आणि खबरदारी म्हणून पंखा चालू ठेवतो. त्या कोडचा अर्थ इतकाच की या तारेवरचं व्होल्टेज प्रमाणाबाहेर आहे. 'सेन्सर बदला' असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. कोड हा साक्षीदाराचा जबाब असतो, पण बाजारात तो न्यायाधीशाचा निकाल म्हणून वाचला जातो आणि धडधाकट सेन्सर भंगारात जातात.

दोन तारांच्या अशा सेन्सरची खातरजमा घरी करता येते. इंजिन बंद, चावी ऑन. सेन्सरचा प्लग काढायचा आणि प्लगमधली दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडायची. व्होल्टेज शून्यावर येतं आणि पडद्यावरचा आकडा उणे 40 वरून थेट शंभराच्या पार उडी मारतो. उडी मारली, तर तारा आणि ईसीएम ठीक, दोष सेन्सरचा. आमचा आकडा जागचा हलला नाही. म्हणजे गडबड वाटेत होती. एअर फिल्टरचा डबा बाहेर काढल्यावर, काळ्या टेपच्या वेष्टनात, उंदराने कुरतडलेली जागा सापडली. आतलं तांबं हिरवं पडलेलं. तार तासली, सोल्डर केली, वर श्रिंक ट्यूब चढवली. पंखा थांबला. खरं दिव्य होतं प्लग काढण्याचं. उष्णतेने कडक झालेली प्लास्टिकची खिट्टी अंगठ्याखाली कट्कन तुटते आणि ती वेगळी विकत मिळत नाही.

जुन्या गाड्यांचे गोडवे गाणारे इथं सरसावून बसतील. 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 चं 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन घरच्या अंगणात उघडता येत असे. स्पार्क प्लग काढला की त्याच्या काजळीवरून रोग ओळखावा, कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ करावा, स्क्रू अर्धा आटा फिरवावा. खरं आहे. पण कार्बोरेटरला ऋतू कळत नव्हता. ग्वाल्हेरात जानेवारीच्या धुक्यात पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. 2 अंशांची हवा 45 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 15 टक्के दाट असते. त्याच स्क्रूवर, त्याच जेटवर मे महिन्यात पेट्रोल जास्त पडायचं आणि अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडायचं.

पेट्रोल पुरतं जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते. धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या प्रमाणाच्या अगदी जवळपासच नीट काम करतो. म्हणून ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगतो, 0.1 ते 0.9 व्होल्टच्या दरम्यान खालीवर होत राहतो, आणि ईसीएम त्यावरून इंधन सतत कमीजास्त करतो. हे कुठल्याही उस्तादाच्या हाताचं काम नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, तेव्हा डिझेल मोटारींच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे 250 मिलिग्रॅमवरून 80 वर आली. ती गाठायची तर गाडीत सेन्सर येणारच. ही गुंतागुंत आपल्या फुप्फुसांसाठी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

सेन्सरचं कौतुक ग्वाल्हेरला नवं नाही म्हणा. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर महाराज माधवराव शिंद्यांची चांदीची आगगाडी फिरायची. डब्यावरची बाटली उचलली की गाडी थांबायची, असं तिथं सांगतात. महाराजांना यंत्रांचं वेड होतं. आजच्या गाड्यांना त्यांनी पाना लावलाच असता.

इतक्या सेन्सरांच्या तारा वेगवेगळ्या ओढायच्या तर गाडीभर जंजाळ होईल. बॉशने 1986 मध्ये कॅन बस जगापुढे ठेवली: एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा आणि त्यांवर बोलणारे अनेक छोटे संगणक. एकाची माहिती सगळे वापरतात, म्हणून एका चाकाचा वेग-सेन्सर मळला तरी डॅशबोर्डवर तीन-चार दिवे एकदम पेटतात आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. या तारांच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून, स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये 6 आणि 14 नंबरच्या पिनांवर मल्टिमीटर लावला की बहुतेक गाड्यांत 60 ओहम दिसायला हवेत. 120 दिसले, तर कुठंतरी एक टोक तुटलं. दोन-तीनशे रुपयांच्या मीटरला हे कळतं. पिवळ्या प्लगांना मात्र हा मीटर चुकूनही लावू नये. ते एअरबॅगचे असतात आणि तेवढ्याशा विजेनेही एअरबॅग फुटू शकते.

माझी तक्रार आहे ती कुलपांबद्दल. कॉमन रेल डिझेलचा नवा इंजेक्टर जागेवर चपखल बसतो, पण त्यावर कोरलेला कोड ईसीएममध्ये भरल्याशिवाय इंजिन नीट चालत नाही. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल, तर बऱ्याच गाड्यांत मागचे ब्रेकपॅड बदलायला आधी स्कॅनरने पिस्टन मागे घ्यावा लागतो. यात तांत्रिक कारण आहे, मान्य. पण तो कोड भरायचं साधन केवळ कंपनीच्या डीलरकडेच का असावं, याला तांत्रिक कारण नाही. 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला तो यासाठीच: सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात येऊ न देण्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये मतदारांनीच दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने याच हक्कासाठी जुलै 2022 मध्ये समिती नेमली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टल उघडलं, आणि त्यात मोटारींचाही समावेश आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

तोवर ग्राहकाच्या हातात एक गोष्ट उरते. माधवराव महाराजांनी 1905 मध्ये सुरू केलेल्या ग्वाल्हेर मेळ्यात अलीकडच्या काही वर्षांत रोड टॅक्समध्ये 50 टक्के सूट मिळाली आणि गाड्या घ्यायला झुंबड उडाली. तिथं सगळे मायलेज आणि स्क्रीनचा आकार विचारतात. तुम्ही जाल तेव्हा एवढं विचारा: हेडलाइट बदलायला बंपर काढावा लागतो का? बॅटरी बदलल्यावर स्कॅनर लागतो का? वायरिंगचा नकाशा बाहेरच्या मिस्त्रीला मिळेल का? सेल्समन गडबडला, तर पुढच्या स्टॉलवर जा आणि तिथंही हेच विचारा.