घरचें चित्र अडतें कोठें ?

अलीकडे शहरांतील पुष्कळ घरांत एक नवें यंत्र नांदूं लागलें आहे. कपाटाच्या एखाद्या खणांत एक लहानसा संगणक अहोरात्र चालू असतो. लग्नामुंजींचीं चित्रणें, मुलांच्या पहिल्या पावलांचीं दृश्यें, आवडीचे चित्रपट, असा सारा संग्रह त्याच्या पोटांत असतो. आणि दिवाणखान्यांतील टीव्हीवर, मुलाच्या फोनवर किंवा परदेशीं संसार करणाऱ्या लेकीच्या घरीं तो मागाल तें चित्र पोंचवितो. ह्यालाच मीडिया सर्व्हर म्हणतात. जेलीफिन आणि प्लेक्स हीं ह्या कामाचीं दोन प्रसिद्ध सॉफ्टवेअरें. आपला ठेवा आपल्या घरांत असावा, एखाद्या कंपनीची वर्गणी थकली म्हणून आपल्याच आठवणींना आपण पारखे होऊं नये, हा ह्या खटाटोपामागील हेतु. आणि तो रास्त आहे.

परंतु ऐन वेळीं, घरचीं सारीं माणसें जमलेलीं असतांना, चित्र थबकतें आणि पडद्यावर एक वर्तुळ गरगरूं लागतें. चांगले पैसे मोजून ग्राफिक्स कार्ड बसविलेलें असूनहि हें घडतें. मग घरांतील हौशी गृहस्थ एका रात्रींत दहा ठिकाणच्या कळा फिरवितात, आणि कोणत्या कळीनें काय बदललें हें सकाळीं त्यांचें त्यांनाच सांगतां येत नाहीं. दोष क्रमानें शोधला तर तो मोजक्या ठिकाणांपैकीं एका ठिकाणीं सांपडतो, आणि तो सांपडण्यापूर्वीं केलेला उपाय पुष्कळदां रोगापेक्षां महाग पडतो, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम मूळ क्रिया समजून घेऊं. फोर-के नांवाच्या चित्राच्या एका चौकटींत ८२,९४,४०० ठिपके असतात. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर हे ठिपके १९ कोटी ९० लाखांवर जातात. इतका पसारा जसाच्या तसा ठेवणें अशक्य. म्हणून तो संक्षेपानें लिहितात. ह्या संक्षेपाच्या निरनिराळ्या लिपी आहेत. एच.२६४ ही २००३ सालची, एचईव्हीसी अथवा एच.२६५ ही २०१३ सालची, आणि एव्ही१ ही २०१८ सालची. प्रत्येक नवी लिपि जुनीपेक्षां आटोपशीर, परंतु वाचावयास अधिक कष्टाची. घरांतील दहा वर्षांपूर्वींच्या टीव्हीला नवी लिपि बहुधा येत नाहीं. अशा वेळीं सर्व्हर ती वाचतो आणि टीव्हीला समजेल अशा लिपींत तत्क्षणीं लिहून देतो. ह्या क्रियेस ट्रान्सकोडिंग म्हणतात. मोडी दप्तर समोर ठेवून बाळबोध नक्कल करणाऱ्या कारकुनाचें काम आठवा. मोडी वाचणें ही एक विद्या आणि बाळबोध लिहिणें ही दुसरी. यंत्रांतहि उकलणें आणि पुन्हा बांधणें हीं दोन निराळीं कामें आहेत. ही गोष्ट पुढें फार उपयोगी पडेल.

हें काम संगणकाचा मुख्य प्रोसेसर करूं शकतो, पण त्यांत तो घामाघूम होतो, तापतो आणि वीज खातो. म्हणून इंटेलनें २०११ सालीं क्विक सिंक आणि एनव्हिडियानें २०१२ सालीं एनव्हेंक ह्या नांवानें, केवळ चित्रलेखनासाठीं राखून ठेवलेले मंडलभाग बाजारांत आणले. खेळांतील दृश्यें रंगविणारा कार्डाचा भाग ह्याहून वेगळा. तेव्हां खेळांसाठीं बलाढ्य असलेलें कार्ड चित्राची प्रत्येक लिपि जाणेलच असें नाहीं.

आतां शोधाचा क्रम. पहिला प्रश्न : रूपांतर मुळांत हवें तरी कशाला ? सर्व्हरच्या नियंत्रण-पानावर चालू चित्राची माहिती दिसते. चित्र जसेंच्या तसें जात असेल तर कार्डाला कामच नाहीं. अडचण जाळ्याच्या वेगाची असावी. रूपांतर होत असेल तर त्याचें कारण पाहावें. पुष्कळदां टीव्हीवरील ॲपमध्यें चित्राचा दर्जा कोणी तरी कमी करून ठेवलेला असतो. तो पूर्ववत् केला कीं सारें निवळतें. दुसरें कारण सबटायटल्सचें. ब्ल्यू-रे तबकडीवरील सबटायटल्स अक्षरांच्या रूपांत नसून चित्रांच्या रूपांत असतात. टीव्हीला तीं दाखवितां आलीं नाहींत, तर सर्व्हरला तीं प्रत्येक चौकटीवर गोंदावीं लागतात, आणि त्यापायीं अवघें चित्र नव्यानें लिहावें लागतें. त्याऐवजीं साध्या मजकुराची सबटायटल-फाइल ठेवली तर हा भार बहुधा टळतो. केवळ ध्वनीचें रूपांतर चाललें असेल, तर तें हलकें काम असून प्रोसेसरच करतो. त्यासाठीं कार्डास बोल लावूं नये.

दुसरा प्रश्न : काम कार्डच करीत आहे काय ? येथें दोन्ही सॉफ्टवेअरांचा स्वभाव भिन्न आहे. प्लेक्सला कार्डाचा आधार मिळाला नाहीं, तर तें मुकाट्यानें प्रोसेसरवर काम ढकलतें. शिवाय ही सोय त्याची वर्गणी भरणाऱ्यांनाच मिळते. कार्ड कामास लागलें असेल, तर नियंत्रण-पानावर रूपांतरापुढें कंसांत 'एचडब्ल्यू' हीं अक्षरें दिसतात. जेलीफिन विनामूल्य आहे. पण कार्डास न येणाऱ्या लिपीपुढें आपण खूण केली, तर चित्र सुरूच न होण्याचा संभव असतो. मात्र तें प्रत्येक रूपांतराची वेगळी नोंद लिहून ठेवतें. त्या नोंदींत एनव्हेंक, क्यूएसव्ही किंवा व्हीएएपीआय हे शब्द आढळले तर लेखन कार्डाकडे आहे. लिबएक्स२६४ आढळलें तर तें प्रोसेसरकडे आहे असें समजावें. लेखन कार्डावर आणि वाचन प्रोसेसरवर, अशी अर्धी वांटणीहि होते. म्हणून दोहोंची चौकशी करावी. एनव्हिडियाच्या कार्डाचा एकंदर भार पाहून फसूं नये. एनव्हिडिया-एसएमआय ह्या साधनांत वाचनाचे आणि लेखनाचे आंकडे स्वतंत्र रकान्यांत मिळतात, ते पाहावेत. इंटेलसाठीं इंटेल-जीपीयू-टॉप हें साधन आहे.

तिसरा प्रश्न : कार्डाला ती लिपि येते काय ? इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांतील चित्रविभाग आठ बिटांची एचईव्हीसी नीट वाचतो. दहा बिटांची पुरतेपणीं वाचण्यास सातवी पिढी लागते. आठ बिटांत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, दहा बिटांत १,०२४. आणि फोर-केचे बहुतेक नवे चित्रपट दहा बिटांचे असतात. एव्ही१ वाचण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढींत आणि एनव्हिडियाच्या तीस क्रमांकाच्या मालिकेंत २०२० सालीं आली. ती लिपि लिहिण्याची सोय इंटेलच्या आर्क आणि एनव्हिडियाच्या चाळीस क्रमांकाच्या मालिकेंत २०२२ सालीं आली. आणखी एक खुबी : इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाअखेर 'एफ' हें अक्षर असतें, त्यांत चित्रविभाग वापरावयास मिळतच नाहीं.

चौथा प्रश्न परवान्याचा. लिनक्स प्रणालींत कार्डाकडे जाण्याचें एक दार असतें, आणि तें 'रेंडर' नांवाच्या गटांतील सभासदांनाच उघडतें. सर्व्हर ज्या नांवानें चालतो तें नांव त्या गटांत नसेल, तर कार्ड शेजारीं असूनहि हातीं लागत नाहीं. सर्व्हर डॉकरच्या पेटींत ठेवला असेल, तर तें दार पेटींतहि उघडून द्यावें लागतें. एनव्हिडियासाठीं त्या कंपनीचें स्वतंत्र साधनहि बसवावें लागतें. येथें उतावीळ मनुष्य सगळ्यांना सगळी मोकळीक देऊन टाकतो. चित्र सुरू होतें खरें. पण परदेशांतल्या लेकीसाठीं जो सर्व्हर इंटरनेटकडे उघडा ठेवला आहे, त्याच्या मागचेंहि दार आपण सताड उघडें टाकलेलें असतें. एका नांवाला एका गटांत घालणें हा दोन ओळींचा उपाय असतां हा धोका पत्करण्याचें कारण नाहीं.

पांचवा प्रश्न : "कालपर्यंत चालत होतें" असें आपण म्हणतों, तर मग रात्रींत काय बदललें ? बहुधा प्रणालीनें आपोआप नवी आवृत्ति घेतलेली असते. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा एक भाग प्रणालीच्या गाभ्यांत राहतो आणि दुसरा बाहेर. बाहेरचा नवा झाला आणि गाभ्यांतला जुनाच चालू राहिला, म्हणजे दोघांचें जमत नाहीं. एनव्हिडिया-एसएमआय ही विसंगति स्पष्ट शब्दांत सांगतें. संगणक एकदां बंद करून चालू केला, कीं तंटा बहुधा मिटतो.

उरलेले दोष थोडक्यांत सांगतों. घरगुती एनव्हिडिया कार्डांवर एका वेळीं किती चित्रें लिहावयाचीं ह्याची मर्यादा कंपनीनेंच घातलेली आहे. ती २०२३ सालीं तीनांवरून पांचांवर आणि २०२४ सालीं आठांवर नेली गेली. पहिल्या प्रेक्षकांचें सुरळीत चालून पुढच्या एकाचेंच अडलें, तर ही मर्यादा आठवावी. जुना ड्रायव्हर असेल तर ती लवकर आड येते. चित्र चालतें पण रंग धुतल्यासारखे फिके दिसतात, तेव्हां चित्र एचडीआरचें आणि पडदा साधा असतो. अशा वेळीं टोन मॅपिंगची सोय चालू करावी. कांहीं वेळ चालून मध्येंच थांबत असेल, तर तात्पुरत्या फाइलींची जागा भरली आहे काय तें पाहावें.

ह्या सर्वांसाठीं एक कसोटी सांगतों. एच.२६४ लिपींतील एक लहान, सबटायटल्स नसलेली फाइल घ्यावी, घरांतल्याच एका संगणकावर ती लावावी आणि दर्जा मुद्दाम कमी करून रूपांतर घडवून आणावें. नोंदींत कार्डाचें नांव दिसलें, म्हणजे दार, परवाना आणि ड्रायव्हर तिन्ही ठीक आहेत असें ठरलें. मग आठ बिटांची एचईव्हीसी, नंतर दहा बिटांची, पुढें एचडीआर, आणि शेवटीं सबटायटल्स, अशी एकेक पायरी चढावी. ज्या पायरीवर पाय अडखळतो तेथें दोष. एका वेळीं एकच बदल करावा आणि तो वहींत टिपून ठेवावा.

शेवटीं एक इशारा. वैतागून कित्येक जण आपला सारा संग्रह एकदाच सोप्या लिपींत उतरवून मूळ फाइली पुसून टाकतात. अशा प्रत्येक नकलेंत कांहीं तपशील कायमचा गळतो, आणि कार्डाची नक्कल तर वेगासाठींच केलेली असते. बाळबोध प्रत हातीं आली म्हणून मोडीचा अस्सल कागद कोणी चुलींत घालीत नाहीं. कार्ड चार वर्षांनीं नवें घेतां येईल, टीव्हीहि बदलेल, आणि आज जड वाटणारी लिपि उद्यां प्रत्येक फोनला येईल. परंतु आजीनें नातीला मांडीवर घेऊन गाइलेली ओवी एकदांच चित्रित झालेली असते. यंत्राचा दोष शोधण्यास दोन संध्याकाळ अधिक लागल्या तरी चालेल. मूळ प्रतीला हात लावूं नये.