सहा हजार कोटींचा वाचनपास

संशोधन नियतकालिकांच्या सामाईक वर्गणीच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातल्या संशोधकालाही आता आयआयटीच्या तोडीचे वाचन मिळू शकते, ही गोष्ट लहान नाही. पण याला ‘मुक्त प्रवेश’ म्हणणे धाडसाचे. हा पास आहे आणि तो संस्थेच्या नावावर आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक, पत्रकार यांच्यासमोर एका लेखासाठी तीस-चाळीस डॉलर मागणारी पाटी तशीच आहे. खासगी विद्यापीठेही पहिल्या टप्प्यात नाहीत.

खरे तर कमी खर्चाची वाट आपल्याला आधीपासून ठाऊक होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्येच आपल्या संशोधकांच्या लेखांचे खुले भांडार सुरू केले. राउरकेलाच्या एनआयटीने २००६ मध्ये लेख जमा करणे सक्तीचे केले. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही असे भांडार उभे केले. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ तर छापील अंकाची वर्गणी चालू ठेवून इंटरनेटवर सगळा मजकूर फुकट देऊ लागले. ते इंटरनेटवर आणणारी ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था मुंबईचीच; २०११ मध्ये ती वोल्टर्स क्लुवर या बड्या परदेशी कंपनीने विकत घेतली. घरचे गणित जमले होते, हे त्या खरेदीवरूनच कळावे.

सरकारी धोरण मात्र कागदावर राहिले. जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये ठरवले, की आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाचे लेख खुल्या भांडारात आलेच पाहिजेत. न आणणाऱ्याचे पुढचे अनुदान अडल्याचे काही ऐकिवात नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत प्रधान वैज्ञानिक सल्लागार के. विजयराघवन यांनी अनुदानित संशोधनाचे लेख प्रसिद्ध होताच सर्वांना खुले करण्याच्या युरोपच्या ‘प्लॅन एस’मध्ये भारत सामील होणार असे सांगितले, वर्ष सरायच्या आत तो बेत बारगळला. ते बरेच झाले, असे मला वाटते. त्या वाटेने वाचक सुटतो आणि लेखक अडकतो: ‘नेचर’ने लेख खुला ठेवण्यासाठी मागितलेले शुल्क ९,५०० युरो होते.

अपवाद ‘शोधगंगा’चा. २००९ च्या यूजीसी नियमाने प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक झाले, आणि आज गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या या भांडारात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. लॉगिन नको, पैसे नकोत. एखादा जुना मराठी प्रबंध मात्र उघडून पाहावा. शीर्षकपृष्ठ एका फाइलीत, प्रमाणपत्र दुसऱ्या, प्रत्येक प्रकरण वेगळे. पाने तिरकी स्कॅन केलेली, म्हणजे मजकुराची नुसती चित्रे, त्यामुळे ‘वारकरी’ शब्द शोधला तर एकही निकाल येत नाही. संगणकावर टंकित केलेला असेल तर जुन्या फॉन्टमुळे कॉपी केलेल्या ओळीचे अगम्य चिन्हांचे कडबोळे होते. इतके असूनही एखाद्या नगरपालिकेच्या शाळांवरचा किंवा तमाशाच्या फडांवरचा प्रबंध घरबसल्या वाचता येतो. पूर्वी त्यासाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओळख काढावी लागे.

दरम्यान, बड्या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात, वर्गणीतले लेख परवानगीविना फुकट देणाऱ्या ‘साय-हब’विरुद्ध दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश निघाला. चोरवाट बंद झाली, आणि सरकारी पास ज्यांच्या हाती नाही त्यांच्यासाठी राजमार्ग अजून आखलेला नाही. २०२७ संपताना वर्गणीचा करार पुन्हा मांडला जाईल. भारतीय लेखकांच्या स्वीकृत हस्तलिखिताची प्रत लेख प्रसिद्ध होईल त्याच दिवशी खुल्या भांडारात ठेवायची, एवढे एक कलम त्यात घालायला जादा रुपयाही लागू नये. प्रकाशकांना मोजलेल्या ६,००० कोटींच्या जोरावर ते मागायला काय हरकत आहे?