खोक्यावरचा आकडा आणि घराच्या भिंती

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा १८५२ पासून नगरपालिका असलेले जुने शहर, सिडकोने आखून वसवलेली खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही उपनगरे आणि त्यांच्या अवतीभवतीची २९ गावे एका कारभाराखाली आली. या तिन्ही ठिकाणची घरे मात्र वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या सामानाने बांधलेली आहेत आणि घराच्या कोणत्या कोपऱ्यात वाय-फाय पोहोचेल, कोणत्या कोपऱ्यात अडेल, हे ठरवण्यात या बांधकामाचा वाटा राउटरच्या किमतीपेक्षा पुष्कळदा मोठा ठरतो. दुकानात किंवा ऑनलाइन बाजारात ग्राहकासमोर येते ते मात्र खोक्यावर ठळक छापलेली संख्या आणि वर उभ्या केलेल्या चार-सहा अँटेना; हजार-दोन हजारांत राउटर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाची दिशाभूल होते ती याच दोन गोष्टींमुळे.

राउटर म्हणजे बाहेरून आलेली इंटरनेटची एक जोडणी घरातील अनेक उपकरणांत वाटून देणारे यंत्र. फायबरची जोडणी असेल तर काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारे आणखी एक उपकरण लागते. त्याचे तांत्रिक नाव ‘ओएनटी’ असले तरी घरोघरी त्याला मोडेमच म्हणतात. मोठ्या कंपन्या हल्ली ही दोन्ही कामे करणारी एकच पेटी जोडणीबरोबर देतात, तर सोसायटीच्या गच्चीवरून निळी किंवा पांढरी लॅन केबल खाली सोडणारे स्थानिक केबलवाले बहुधा राउटर ग्राहकानेच आणावा अशी अपेक्षा ठेवतात. म्हणून नव्या खरेदीचा विचार करण्याआधी घरात आधीच असलेली पेटी वाय-फाय देते का, ती एका पट्ट्यावर चालते की दोन, आणि ती ठेवली आहे कुठे, या तीन गोष्टी पाहणे इष्ट असते. पेटीला वाय-फाय असेल, तर नवा राउटर घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्याची गरज नसते. त्यांना गरज असते ती दहा मीटर केबलची.

जोडणीच्या वेगाविषयीही थोडा विवेक आवश्यक आहे. भारतात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी लागणारा किमान वेग २०१३ पासून ५१२ केबीपीएस होता आणि २०२३ च्या जानेवारीत तो २ एमबीपीएस करण्यात आला. एमबीपीएस म्हणजे दर सेकंदाला दहा लाख बिट इतकी माहिती. त्या मानाने आजच्या स्वस्तातील योजनांचे ३०, ५० किंवा १०० एमबीपीएस हे आकडे भरघोस आहेत, कारण चांगल्या प्रतीच्या चित्रपटाला ५ एमबीपीएसच्या आसपास आणि अतिस्पष्ट ‘फोर-के’ चित्राला साधारण १५ ते २५ एमबीपीएस पुरतात, तर कार्यालयीन व्हिडिओ बैठकीला त्याहूनही कमी. राउटर कितीही महाग असला तरी तो ५० एमबीपीएसच्या जोडणीतून साठ काढू शकत नाही; त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की आलेले पन्नास वाटेत सांडू नयेत.

ते सांडतात भिंतींत. घरगुती वाय-फाय प्रामुख्याने दोन रेडिओ पट्ट्यांवर चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. यांपैकी पहिल्याच्या लहरी लांब असल्याने त्या भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात, पण त्यांचा वेग बेताचा असतो. दुसऱ्यावर वेग मोठा मिळतो, मात्र प्रत्येक भिंत त्याच्याकडून अधिक किंमत वसूल करते. जुन्या पनवेलमध्ये टपाल नाका, लाइन आळी या भागांत जे थोडे वाडे आणि वाडेवजा घरे उरली आहेत, त्यांच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झला जवळजवळ अडवून धरतात, परंतु माडीची तक्तपोशी लाकडी असेल तर वरच्या मजल्यावर मात्र तीच लहर सहज पोहोचते. सिडकोच्या आणि त्यानंतरच्या इमारतींत गणित उलटे होते: खोल्यांमधल्या चार इंची भिंती फारशा त्रासदायक नसतात, पण लोखंडी सळयांची जाळी पोटात असलेला काँक्रीटचा स्लॅब मजल्यामजल्यांत भक्कम अडसर उभा करतो. त्यामुळे नवीन पनवेलमधील दोन मजली रो-हाउसमध्ये तळमजल्यावरचा राउटर वरच्या झोपण्याच्या खोलीत दुबळा पडतो, आणि तिथे जास्त अँटेनांचा राउटर आणूनही फरक पडत नाही.

भिंतींखेरीज घरातील सामानही आड येते. पोलादी कपाट, मोठा आरसा, शीतकपाट यांच्या मागे ठेवलेला राउटर आपली निम्मी ताकद तिथेच गमावतो. पाणी रेडिओलहरी शोषत असल्याने माशांची टाकीही अडथळाच ठरते आणि ज्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो तेथे ओल धरलेली बाहेरची भिंतही. प्रत्यक्षात जोडणी देणारा कामगार जिथे छिद्र पाडणे सोपे तिथून, म्हणजे बहुधा बाल्कनीच्या सरकत्या खिडकीच्या कोपऱ्यातून, वायर आत घेतो आणि पेटी दूरदर्शन संचाच्या मागे लपवून जातो. घराच्या एका टोकाला बसलेला तो राउटर मग अर्धी सेवा रस्त्याला पुरवतो. राउटर घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीला, उघड्यावर ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दोन खोल्यांच्या सदनिकेत तेवढ्यानेच बहुतेक तक्रारी मिटतात.

खारघर, कामोठ्याच्या दाट इमारतींत प्रश्न भिंतींचा कमी आणि शेजाऱ्यांचा जास्त असतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा केंद्र सरकारने २००५ मध्ये परवानामुक्त केला, म्हणजे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत तो कोणीही वापरावा अशी मुभा दिली. त्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच मार्ग असे आहेत की ज्यांचे एकमेकांवर आक्रमण होत नाही. फोनवर वाय-फायची यादी उघडली की अशा इमारतीत वीस-पंचवीस नावे सहज दिसतात. ती सर्व याच तीन मार्गांवर दाटी करतात, आणि एका मार्गावर एका वेळी एकच उपकरण बोलू शकत असल्याने बाकीच्यांना थांबावे लागते. मायक्रोवेव्ह भट्टी आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात वावरतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यामानाने ऐसपैस आहे. भारतात त्यातील ६०५ मेगाहर्ट्झ इतका मोठा भाग २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये परवानामुक्त झाला. शिवाय जो गुण वाड्यात दोष ठरतो, तोच इथे उपकारक ठरतो, कारण ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत अडत असल्याने शेजाऱ्याचा गोंगाट शेजाऱ्याकडेच राहतो. केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा हजार रुपयांच्या आसपासचा राउटर म्हणूनच गावठाणातील सुट्या घरात चालून जाईल, परंतु सोसायटीत तो घेणे म्हणजे वाचवलेले पैसे वाया घालवणे होय. दोन पट्ट्यांचा, म्हणजेच ‘ड्युअल बँड’ राउटर ही तिथली किमान गरज मानावी.

५ गिगाहर्ट्झमध्येही एक बारकावा आहे. या पट्ट्याच्या मधल्या भागात हवामान रडारसारख्या यंत्रणाही काम करतात आणि तिथे रडारची चाहूल लागताच अनेक राउटर आपला मार्ग सोडून दुसरा शोधतात, ज्यामुळे जोडणी क्षणभर तुटते. असे वारंवार होत असल्याचा संशय आला, तर राउटरच्या मांडणीत ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी मार्ग हाताने ठरवून देता येतो.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे वळता येईल. ‘एसी १२००’ यातील १२०० ही संख्या २.४ गिगाहर्ट्झवरील ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरील ८६७ एमबीपीएस यांची बेरीज करून, वर थोडे पूर्णांकात आणून तयार केलेली असते, जरी फोन किंवा लॅपटॉप एका वेळी साधारणतः एकाच पट्ट्याला जोडलेला असतो. त्यातले ८६७ हेही रेडिओचे सैद्धांतिक मान आहे. पोच देणे, थांबणे, चुकलेले पुन्हा पाठवणे यांत बराच वेळ जात असल्याने जवळच्या अंतरावरही प्रत्यक्ष हाती येतो तो त्याच्या निम्म्या ते दोन तृतीयांश इतका वेग. ‘एएक्स १५००’, ‘एएक्स ३०००’ या संख्याही याच पद्धतीने जुळवलेल्या असतात. व्यापारात फुगवलेले आकडे नवे नाहीत. पण एकमेकांत मिसळू न शकणाऱ्या दोन गोष्टींची बेरीज इतक्या उघडपणे क्वचितच छापली जाते.

या आकड्याहून महत्त्वाची गोष्ट खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते, ती म्हणजे राउटरच्या पोर्टचा, अर्थात केबल बसते त्या खाचांचा वेग. अनेक स्वस्त राउटरांचे वाय-फाय ८६७ चे असले तरी पोर्ट मात्र १०० एमबीपीएसचेच असतात, आणि इंटरनेट आत येते ते त्या पोर्टमधूनच. टीपी-लिंक या कंपनीचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन राउटर खोक्यावर सारखेच १२०० मिरवतात, पण पहिल्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आणि दुसऱ्याचे गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत. जोडणी २०० एमबीपीएसची घेतली आणि वेग मोजताना काटा ९४-९५ च्या पुढे कधीच सरकला नाही, तर दोष बहुधा सेवेचा नसून या पोर्टचा, किंवा आठांपैकी चारच तारा नीट जोडलेल्या केबलचा असतो. याउलट १०० एमबीपीएसपर्यंतच्या योजनेसाठी साधे पोर्ट पुरेसे आहेत आणि गिगाबिटसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही, वेगाची योजना वर्षभरात बदलण्याचा बेत असल्यास गोष्ट वेगळी.

अँटेनांबाबतचा समज दूर होणे अवघड दिसते. प्रक्षेपणाची कमाल शक्ती सरकारी नियमाने बांधलेली असते, तेव्हा अँटेना चार असोत वा आठ, त्या मर्यादेपलीकडे कोणी जाऊ शकत नाही. आणि समजा राउटरचा आवाज मोठा झालाच, तरी फोनचा क्षीण आवाज त्याच्यापर्यंत परत पोहोचावा लागतो. इंटरनेट ही दोन्ही बाजूंनी चालणारी देवघेव आहे.

वाय-फायच्या पिढ्यांची नावे २०१८ मध्ये सोपी करण्यात आली, तेव्हापासून ४, ५, ६ अशी संख्या पाहून राउटर कोणत्या पिढीचा ते कळते. ‘एन’ म्हणजे चौथी, ‘एसी’ म्हणजे पाचवी आणि ‘एएक्स’ म्हणजे सहावी पिढी. सहाव्या पिढीची खरी कमाई कमाल वेगात नसून एकाच वेळी अनेक उपकरणांना सांभाळण्यात आहे. घरात चार-पाच फोन, दोन लॅपटॉप, दूरदर्शन संच आणि कॅमेरे असतील आणि त्यांतील बरीच उपकरणेही सहाव्या पिढीची असतील, तर थोडे अधिक मोजून हा राउटर घेणे योग्य होय. मात्र स्वस्तातील काही ‘एएक्स १५००’ राउटरांत २.४ गिगाहर्ट्झवर जुनी चौथी पिढीच ठेवलेली असते, हे तपशीलपत्रकात पाहून घ्यावे. सातव्या पिढीच्या राउटरांचा विचार बेताच्या खर्चात करण्याचे कारण आज तरी दिसत नाही.

मोठ्या किंवा जाड भिंतींच्या घरात एक राउटर अपुराच पडतो, आणि तिथे सर्रास सुचवला जातो तो ‘रेंज एक्स्टेंडर’. स्वस्तातला एक्स्टेंडर राउटरकडून आलेली माहिती त्याच पट्ट्यावरून पुन्हा पुढे पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यापेक्षा ‘कॅट ६’ प्रकारची केबल दुसऱ्या खोलीपर्यंत नेऊन तिथे साधा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून बसवणे स्वस्त आणि भरवशाचे ठरते. त्यात या दुसऱ्या राउटरने उपकरणांना पत्ते वाटायचे नसतात. ते काम पहिल्यानेच करायचे, अन्यथा जाळ्यात दुसरे जाळे तयार होऊन कॅमेरे, छपाईयंत्रे आणि काही खेळ अडखळतात. घरात पडून असलेला जुना राउटरही या कामाला लागतो.

पनवेलच्या पावसाळ्यात विजेचा लपंडाव आणि गडगडाट हे दोन्ही गृहीत धरावे लागतात. महावितरणचा पुरवठा थोडा वेळ गेला तरी फायबरची जोडणी पुष्कळदा जिवंत राहते, कारण घर आणि केंद्र यांच्यामधल्या तंतूला वाटेत वीज लागत नाही. त्या वेळी घरातला मोडेम आणि राउटर चालू ठेवण्यास बाराशे-दीड हजारांचा छोटा ‘मिनी यूपीएस’ पुरतो. तो घेताना दोन्ही उपकरणांच्या ॲडाप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचणे आवश्यक आहे, कारण बहुतेक उपकरणे १२ व्होल्टची असली तरी काही छोटे राउटर ९ व्होल्टवर चालतात. गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या केबलची गोष्ट वेगळी: जवळपास वीज पडली की त्यातून आलेला दाबाचा झटका राउटरचा इंटरनेट पोर्ट जाळून टाकतो, म्हणून वादळात ती केबल काढून ठेवणे शहाणपणाचे. काचेच्या तंतूतून असा झटका येत नाही, आणि स्थानिक केबलवाला घरापर्यंत फायबर देण्यास तयार असेल तर महिन्याला थोडे अधिक देऊनही ते पत्करावे.

सुरक्षिततेकडे स्वस्त राउटर घेताना सर्वांत कमी लक्ष जाते. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यासाठी तिला कारखान्यातून आलेल्या, कोणी न बदललेल्या परवलीच्या शब्दांची यादीच पुरली. तेव्हा वाय-फायचा शब्द बदलला तरी राउटरच्या व्यवस्थापन पानाचा शब्द वेगळा बदलावा लागतो, हे ध्यानात ठेवायला हवे. हमखास विसरला जातो तो दुसराच. २०१८ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए ३’ ही सुरक्षापद्धती असलेला राउटर निवडावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नमुन्यासाठी शेवटचे अद्यतन कधी आले ते पाहावे. तीन-चार वर्षांपूर्वीच ज्याची अद्यतने थांबली आहेत असा राउटर कितीही सवलतीत मिळाला तरी टाळावा. नमुन्याच्या नावापुढे असलेला ‘व्ही ३’, ‘व्ही ४’ असा आवृत्तीक्रमांकही जुळवून घ्यावा, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत आतील चिप आणि अद्यतनांचा काळ दोन्ही निराळे असू शकतात. ॲडाप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे, ते नसल्यास वस्तू परत करावी. काही कंपन्या तीन वर्षांची हमी देतात, मात्र तिचा दावा करताना अनुक्रमांक आणि खरेदीचे बिल मागितले जाते, म्हणून दुकानदाराकडून जीएसटीचे पक्के बिल अनुक्रमांकासह लिहून घ्यावे.