घरच्या संगीतसंग्रहासाठी स्ट्रीमर निवडताना

स्ट्रीमर: संगणकात किंवा नेटवर्क ड्राइव्हवर साठवलेली गाणी वाय-फाय अथवा लॅन केबलने घेऊन अ‍ॅम्प्लिफायरला देणारे उपकरण.

• दर्जा: सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. एमपी३ची कमाल ३२०. फ्लॅक या फाइल-स्वरूपात (२००१) फाइल लहान होते, ध्वनीतले काहीच गळत नाही.

• ब्लूटूथ की वाय-फाय: ब्लूटूथवर आवाज सहसा पुन्हा आकुंचित होतो आणि फोन जवळ लागतो. वाय-फायवर मात्र डीएलएनए (घरच्या नेटवर्कवर फाइली वाजवण्याचे मानक) असलेले उपकरण सर्व्हरवरून, म्हणजे संगणक किंवा नेटवर्क ड्राइव्हवरून, फाइल स्वतः घेते. फोन नुसता रिमोट.

• डॅक: डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणारा भाग. अंगभूत नसल्यास वेगळा लागतो.

• गॅपलेस: ट्रॅक खंडाविना सलग वाजवण्याची सोय. विलंबित आणि द्रुत ख्याल वेगळ्या ट्रॅकवर असले, तर ही सोय नसताना मध्ये खंड पडतो.

• क्रोमकास्ट ऑडिओ: गूगलचा हा स्ट्रीमर २०१५मध्ये आला. उत्पादन २०१९मध्ये थांबले.