कुत्र्याचा बिल्ला : कर की करार?

अनेक नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत घरपट्टी व पाणीपट्टीच्या मोठ्या रकमांखाली कोठेतरी पाळीव कुत्र्यांच्या परवाना शुल्काची जमा दाखविलेली असते. रक्कम इतकी क्षुल्लक असते, की तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मात्र दर काही महिन्यांनी पेट घेतो आणि कुत्री मारावीत की जगवावीत, एवढ्यावरच वाद रंगतो. रस्त्यावरच्या कुत्र्याची चर्चा करताना घरातल्या जनावराची नोंद हा विषय मागे पडतो. वस्तुतः स्थानिक संस्थेच्या कर्तव्याचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

पाळीव जनावर ही खाजगी बाब असली, तरी तिचे परिणाम खाजगी राहत नाहीत. संगतीचे सुख मालकाला मिळते. घाण, चावा आणि नको असलेली पिल्ले यांचा भार शेजाऱ्यांवर पडतो. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. त्यांतील सर्वांत भीषण खर्च रेबीजचा. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसांतील रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत घटनांचे मूळ कुत्र्यांत असते आणि संशयित जनावर चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जण पंधरा वर्षांखालील मुले असतात. सुख एकाचे आणि किंमत दुसऱ्याच्या मुलाने मोजायची, ही विषमता आपोआप दूर होत नाही. म्हणून हस्तक्षेप हवाच. प्रश्न आहे तो त्याच्या रीतीचा.

चुकीच्या रीतीचे उदाहरण मुंबईच्याच इतिहासात आहे. १८३२ साली कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मुदत वाढविली व दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले. बक्षिसाच्या लोभाने घरांच्या आवारातील कुत्रीही पकडली जाऊ लागली. पारशी समाजात श्वानाला धार्मिक महत्त्व आहे. परिणामी त्या जूनमध्ये शहरात हरताळ पडला आणि दंगा उसळला. पाळीव कोणते व मोकाट कोणते, हे ठरविण्याचे साधन हाती नसताना मेलेल्या कुत्र्यांच्या संख्येवर पैसे मोजले, तर याहून वेगळे काय व्हावयाचे?

नुसती नोंदणी पुरेशी असते, असेही नाही. ब्रिटनमध्ये १८७८ साली कुत्र्याच्या परवान्याचे शुल्क साडेसात शिलिंग ठरले आणि पुढे शंभर वर्षे ते जवळजवळ तसेच राहिले. १९८७ साली परवाना रद्द झाला तेव्हा शुल्क अवघे ३७ पेन्स होते. वसुलीचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होता आणि सुमारे निम्मे मालकच परवाना घेत होते. पैसे भरून आपल्याला किंवा कुत्र्याला काय मिळते, याचे उत्तर मालकांना सापडत नव्हते. मोबदल्यात काहीच न देणारा कर लोक टाळतात, यात नवल नाही.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने मार्ग बदलला. तेथील १९९४ च्या कायद्यानुसार तीन महिन्यांवरील प्रत्येक कुत्र्याची व मांजराची नोंदणी नगरपरिषदेकडे करावी लागते आणि तिचे दरवर्षी नूतनीकरण होते. निर्बीजीकरण केलेल्या जनावराला शुल्कात मोठी सवलत मिळते. म्हणजे समाजाला हितकारक वर्तन मालकालाही स्वस्त पडते. याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक परिषदेला दर चार वर्षांनी पाळीव जनावरांच्या व्यवस्थापनाची योजना लेखी मांडावी लागते. नोंदणी कशी वाढवणार, चाव्यांच्या घटना कशा रोखणार, मारल्या जाणाऱ्या जनावरांची संख्या कशी घटवणार, याचा विचार तीत करावा लागतो. तेथे बंधन एकट्या मालकावर नाही. ते परिषदेवरही आहे.

आपल्याकडे कायद्याची वाण नाही. २००१ च्या केंद्रीय नियमांनी पाळीव व रस्त्यावरील कुत्री असा भेद करून पाळीव कुत्र्याचे लसीकरण, निर्बीजीकरण व परवाना यांची जबाबदारी मालकावर टाकली. २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. पुणे महानगरपालिकेने २०२२ साली मांजरांचीही नोंदणी सक्तीची करण्याचे ठरविले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील भटकी कुत्री आश्रयगृहांत हलविण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत त्यात बदल करून, पिसाळलेली व आक्रमक वगळता, लस टोचलेली व निर्बीजीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडण्यास सांगितले. मात्र न्यायालयाचा आदेश कोणताही असो, तो अमलात आणावयाचा तो नगरपालिकेनेच; आणि जनावरांची नोंद नसलेली नगरपालिका त्याची अंमलबजावणी अंधारातच करणार.

यावर एक आक्षेप घेतला जाईल व तो रास्त आहे. व्हिक्टोरियातील कुत्र्याला एक मालक असतो; आपल्या चाळीतला वा वस्तीतला कुत्रा सर्वांच्या भाकरीवर जगतो आणि कोणाचाच नसतो. त्याचे शुल्क कोण भरणार? याचे उत्तर गोव्याने दिले आहे. तेथे २०१३ पासून सरकार व स्वयंसेवी संस्थेने मिळून घरोघरी व रस्त्यारस्त्यांवर कुत्र्यांना विनामूल्य लस टोचण्याची मोहीम चालविली. सुमारे ७० टक्के कुत्र्यांपर्यंत लस पोहोचली आणि २०२१ पर्यंतच्या तीन वर्षांत रेबीजने एकही मानवी मृत्यू नोंदला गेला नाही. पाळीव आणि भटका यांतील सीमा पुसट असली, तरी रोगाची साखळी तोडता येते, हे यातून सिद्ध झाले.

तेव्हा परवाना हा कर न राहता करार व्हावा. शुल्कातच वार्षिक लस मिळावी. निर्बीजीकरणाला भरीव सवलत असावी. गरीब वस्त्यांत लस व बिल्ला विनामूल्य द्यावा आणि या जमाखर्चाचा हिशेब स्वतंत्रपणे प्रसिद्ध व्हावा. यास थोडा खर्च येईल. पण चावा झाल्यावर माणसाला द्यावयाच्या लसींचा आणि बुडालेल्या रोजगाराचा खर्च त्याहून मोठा असतो, आणि तो बहुधा ज्याला परवडत नाही त्याच्याच वाट्याला येतो. आपल्या गावात नोंदलेली कुत्री किती आणि त्यांपैकी लस टोचलेली किती, एवढे दोन आकडे तरी नागरिकांनी यंदा आपल्या नगरपालिकेकडे मागावेत.