आनूपदेशाचे दर्शन : बेलापूरचा डोंगर आणि ठाण्याची खाडी

चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण अशा त्रिविध देशांचे वर्णन आले आहे. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी ते मुखोद्गत केले. परंतु हे देशभेद प्रत्यक्ष पाहण्याचा योग फार थोड्यांना येतो. नवी मुंबईतील सीबीडी बेलापूर हे त्या दृष्टीने अभ्यासास सोयीचे स्थान आहे. एका अंगास पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगास पनवेलची खाडी. आणि ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलने ऐरोलीस उतरले की ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जवळच.

डोंगर पावसाळ्यानंतर पाहावा. कुडा, धायटी, मुरुडशेंग, गुळवेल अशा कोकणच्या डोंगरउतारांवरील परिचित वनस्पती येथे शोधाव्यात. त्याबरोबरच दगडखाणींनी पोखरलेले कडेही पाहावेत. एकाच डोंगरावर भूमीची दोन रूपे दिसतात आणि द्रव्यापूर्वी देशपरीक्षा का सांगितली, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खाडी हे आनूपदेशाचेच रूप. सुमारे १,६९० हेक्टरांचे हे क्षेत्र २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले व २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत गेले. २०१२ साली स्थापन झालेल्या राज्याच्या कांदळवन कक्षाने खारफुटीचे रक्षण व पुनर्लागवड हाती घेतली आहे. खारट चिखलातून वर येणारी तिवराची श्वसनमुळे, पानांवर साचणारे मिठाचे कण, काटेरी पानांची मारांडी, आणि जिच्या चिकाने डोळ्यांस गंभीर इजा होते ती गेवा, हे सर्व अभ्यासाचे विषय आहेत. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवेही दिसतात.

तथापि आमचे आग्रहाचे सांगणे असे की, येथून एक पानही खुडू नये. अभयारण्यातून विनापरवाना वनस्पती नेणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार निषिद्ध आहे. खारफुटी तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालाने राज्यभर मनाई केली असून तिच्याभोवती ५० मीटरांचा संरक्षित पट्टा ठेवण्यास सांगितले आहे. शास्त्राचा कौलही निराळा नाही. औषधिसंग्रहासाठी चरकांनी जांगल वा साधारण देशाची भूमी प्रशस्त मानली आहे. त्यातच या खाडीच्या काठी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे. अशा ठिकाणच्या गाळात वाढलेले द्रव्य जड धातूंच्या दृष्टीने शंकास्पदच मानावे.

औषधनिर्मात्यांनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. वनौषधींसाठी शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम या कमाल मर्यादा आपणांस ज्ञात आहेत. पक्क्या मालाची चाचणी आपण करतोच. परंतु कच्चा माल कोणत्या भूमीतून आला, हे पुरवठादारास किती जण विचारतात? गुळवेलीच्या पोत्यावर वजन व भाव लिहिलेला असतो, देश मात्र नसतो.

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीचे विवेचन करताना, भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करावा, असे आत्रेयांनी अग्निवेशास सांगितले. आजच्या काळी त्याचा अर्थ केवळ कोठारे भरणे असा घेता येणार नाही. भूमी विरस होऊ न देणे हाही संग्रहच होय. शाखांनी नवोदित वैद्यांसह वनौषधी गोळा करणाऱ्यांनाही या दर्शनास न्यावे, आणि परतल्यावर आपल्या कोठारातील प्रत्येक पोत्यावर उगमस्थान व संग्रहाचा ऋतू लिहिण्याचा प्रघात सुरू करावा.